पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली. आता केमो कशासाठी? (इंदूर)

रामबागची_सून · १४ ऑक्टोबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळ्याच कामाला आलेय.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, वय ६६. वीज मंडळातून निवृत्त. जूनपासून जेवले की पोट गच्च व्हायचं. मग उलट्या सुरू झाल्या, सकाळी खाल्लेले पोहे संध्याकाळी जसेच्या तसे बाहेर. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांत महिना-दीड महिना गेला. शेवटी दुर्बीण टाकली तेव्हा जठराचं खालचं तोंड जवळजवळ बंद झालेलं, आणि बायोप्सीत कॅन्सर. १२ सप्टेंबरला ऑपरेशन झालं. जठराचा खालचा बराचसा भाग काढला, उरलेला आतड्याला जोडला.

रिपोर्टमध्ये लिहिलंय: पीटी३, एन१, २४ पैकी २ नोड्स पॉझिटिव्ह, कडा मोकळ्या. सर्जन म्हणाले, "आम्ही सगळं काढलंय." आणि त्याच मजल्यावरचे कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, "सहा महिने केमो घ्यायची, ऑक्टोबर संपायच्या आत सुरू करू."

इथून घरात दोन तट पडले. ह्यांचं म्हणणं, घ्यायची. काकासासऱ्यांचं म्हणणं, साप मेला, आता काठी कुणावर उगारता? नाना ६४ किलोंचे ५२ झालेत, त्यात हे विष कशाला? नणंद पुण्याहून रोज एक व्हिडिओ पाठवते, त्यात रोज वेगळा रस असतो. आई (सासूबाई) काही बोलत नाहीत, फक्त पोळ्या लहान लहान लाटतात.

ज्यांच्या घरी हे होऊन गेलंय त्यांनी सांगा. सगळं काढलंय तर केमो नेमकी कशावर?

लष्करकर · १५ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

ताई, ग्वाल्हेरहून लिहितोय. माझ्या आईचं अख्खं जठर काढलं होतं, चार वर्षं झाली. केमो घेतली, आता ठणठणीत आहे, म्हणजे माझ्यावर ओरडण्याइतकी. केमोचं जाणकार सांगतील, मी एकच सांगतो: बी-१२ चं इंजेक्शन कधी चुकवू नका. बी-१२ शोषायला जठरातून एक पदार्थ यावा लागतो, जठरच नाही तर तो येणार कुठून? आईला दर महिन्याला टोचतात, जन्मभर. नानांचं थोडं जठर उरलंय, तरी तपासत राहा. लोहही.

भिया_इंदुरी · १५ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

वहिनी, काळजी करू नका. सुदामानगरला आमच्या शेजारच्या काकांना अशीच केमो झाली, आता रोज सकाळी फिरायला असतात. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

पॅथकाका · १५ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

मी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. चाळीस वर्षं असेच रिपोर्ट लिहिण्यात गेली, म्हणून तुमचा रिपोर्ट आधी उलगडतो.

पीटी३ म्हणजे गाठ जठराच्या भिंतीतले स्नायू ओलांडून बाहेरच्या पातळ पडद्याच्या आतपर्यंत पोचली, पडदा फाडून बाहेर आली नाही. एन१ म्हणजे एक किंवा दोन लिम्फ नोड्समध्ये (जठराभोवतीच्या छोट्या लसीका ग्रंथींमध्ये) कॅन्सरच्या पेशी सापडल्या. दोन्ही मिळून टप्पा दोन-ब. '२४ पैकी २' यातल्या २४ कडे लोक बघतच नाहीत. निदान १६ नोड्स तपासले गेले नाहीत तर 'एन' वर भरवसा ठेवता येत नाही. तुमच्या सर्जननी २४ दिले, म्हणजे काम नीट झालंय. कडा मोकळ्या, म्हणजे कापलेल्या टोकांवर पेशी नाहीत.

आता प्रश्न. सर्जन 'सगळं काढलं' म्हणतात ते खरं आहे, पण ते डोळ्यांना, हाताला आणि स्कॅनला दिसलं तेवढ्याचं. गाठीतल्या पेशी नोड्सपर्यंत गेल्या होत्या. ज्या वाटेनं तिथे गेल्या त्याच वाटेनं आणखी दोन-चार रक्तात किंवा पोटाच्या पडद्यावर गेल्या नसतील, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. काही मिलिमीटरपेक्षा लहान काही असेल तर सीटी स्कॅनला दिसतच नाही. केमो त्या न दिसणाऱ्यांसाठी.

आणि आकडे सांगतो, कारण आकड्यांशिवायची बडबड मला सहन होत नाही. दक्षिण कोरिया, चीन आणि तैवानमध्ये १०३५ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचं नाव क्लासिक. सगळ्यांचं ऑपरेशन नीट, नोड्ससकट झालेलं. निम्म्यांना नंतर सहा महिने कॅपेसिटाबीन आणि ऑक्सालिप्लॅटिन, निम्म्यांना काही नाही. पाच वर्षांनी केमोवाल्यांत शंभरातले ७८ हयात होते, नुसत्या ऑपरेशनवाल्यांत ६९.

ह्याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे आहेत. शंभरातले ६९ केमो न घेताही होतेच. आणि शंभरातले २२ घेऊनही गेले. जे वाचले ते मधले नऊ. आपला माणूस त्या नऊतला आहे का, हे आधी सांगणारी तपासणी अजून माझ्या पाहण्यात नाही.

रामबागची_सून · १५ ऑक्टोबर, रात्री १०:५०

पॅथकाका, तुमचं उत्तर मी मोठ्यानं वाचून दाखवलं. काकासासरे लगेच म्हणाले, "बघा! ६९ तर असेच जगतात." हे म्हणाले, "आणि नऊ जणांचं काय?" झालं, पुन्हा तेच. पाऊण तास.

तेवढ्यात आतून नाना आले, पेटीच्या खोलीतून. (पेटी म्हणजे हार्मोनियम. गेली पंचवीस वर्षं ते भजनी मंडळात पेटी वाजवतात.) म्हणाले, "मला विचारलं का कुणी?"

सगळे गप्प. खरंच कुणी विचारलं नव्हतं.

मग म्हणाले, "परमिट मिळालं, लाइन बंद झाली, तरी तारेत उरलेली वीज जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. मुलं विचारायची, साहेब, लाइन तर बंद आहे, रॉड कशाला? मी म्हणायचो, बंद आहे म्हणूनच लावायचा, चालू असती तर जवळ तरी गेला असतास का? घ्यायची केमो."

काकासासऱ्यांनी चहा घेतला आणि गेले. आत्ता त्यांचाच फोन आला, गाडी माझी न्या म्हणून.

बडोद्याची_सिस्टर · १६ ऑक्टोबर, दुपारी १:३०

नाना भारी आहेत!

मी बडोद्याला डे-केअर केमो वॉर्डात नर्स आहे. तुमच्याकडे बहुतेक तीच जोडी देणार: ऑक्सालिप्लॅटिन शिरेतून पहिल्या दिवशी, साधारण दोन तास. कॅपेसिटाबीनच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ १४ दिवस, मग ७ दिवस सुट्टी. असे तीन-तीन आठवड्यांचे आठ फेरे. गोळ्या जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर. उपाशीपोटी नाहीत.

सगळे म्हणतात 'सलाइन लावलं', पण ऑक्सालिप्लॅटिन सलाइनमध्ये घालतच नाहीत, ग्लुकोजच्या बाटलीतच घालतात. मिठाच्या पाण्यात ते बिघडतं. वॉर्डात नवी मुलगी आली की मी तिला पहिल्या दिवशी हेच घोकायला लावते.

आणि थंडी! सुई लागल्यापासून निदान चार-पाच दिवस गार काही प्यायचं नाही, गार वस्तूला हात लावायचा नाही. बोटांना करंट लागल्यासारखं होतं. गार पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा होऊन माणूस घाबरतो, श्वास मात्र अडत नाही. तुमचे फेरे नेमके हिवाळ्यात आलेत, जपा.

मांडवीवाला · १६ ऑक्टोबर, रात्री ९:००

माझ्या वडिलांना (बडोदा) आधी केमो, मग ऑपरेशन, मग परत केमो असं झालं. नानांना आधी का नाही दिली? आणि रेडिएशन?

पॅथकाका · १७ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

तुमच्या वडिलांना बहुधा फ्लॉट दिलं असणार, म्हणजे चार औषधं एकत्र असलेली केमो. दर दोन आठवड्यांनी, चार वेळा आधी, चार वेळा नंतर. जर्मनीत ७१६ रुग्णांवर चाचणी झाली, २०१९ मध्ये आली. जुन्या औषधांच्या गटात निम्मे लोक ३५ महिन्यांपलीकडे जगले होते, फ्लॉटमध्ये ५०. आता बऱ्याच ठिकाणी हीच पहिली पसंती, आणि एक कारण अगदी साधं आहे: ऑपरेशननंतर माणूस इतका खचतो की नंतरची केमो निम्म्या लोकांना पुरी घेताच येत नाही. आधी दिलेली तरी पोटात जाते.

पण नानांचं जठराचं तोंडच बंद होतं. अन्न खाली उतरत नसताना केमो द्यायची कुणाच्या बळावर? अशा वेळी आधी ऑपरेशन करतात, हे चुकलं असं मी म्हणणार नाही.

रेडिएशनचं: २००१ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या चाचणीत ऑपरेशननंतर केमो-रेडिएशनचा चांगला फायदा दिसला होता. मात्र त्यातल्या फक्त दहा टक्के रुग्णांचे नोड्स नीट, पूर्ण काढलेले होते. सर्जननं सोडलेलं रेडिएशननं भरून काढलं, असं आम्ही मागे थट्टेनं म्हणायचो. नोड्स नीट काढलेल्यांना केमोच्या वर रेडिएशन देऊन माणसं जास्त जगली नाहीत, हे पुढे कोरियात दिसलं. कडा मोकळ्या नसत्या किंवा २४ ऐवजी ६ नोड्स असते तर मी वेगळं बोललो असतो.

सूनबाई, दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. एक, गाठीची एमएसआय तपासणी (पेशींची डीएनएतल्या चुका दुरुस्त करायची यंत्रणा बिघडली आहे का ते बघणारी) झाली आहे का. काही मोजक्या गाठी त्या प्रकारच्या असतात, त्यांना नेहमीच्या केमोचा फायदा कमी होतो असं दिसतं. दुसरी, डीपीडी. कॅपेसिटाबीन शरीरात मोडणारं हे एन्झाइम काही थोड्या लोकांत कमी असतं, त्यांना नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो. रक्ताच्या तपासणीत कळतं.

रामबागची_सून · २८ ऑक्टोबर, रात्री ९:३०

दोन्ही विचारल्या. एमएसआय झालेली होती, नानांची गाठ त्या प्रकारातली नाही. डीपीडीचं रक्त आम्ही म्हटल्यावर पाठवलं, रिपोर्ट ठीक आला. काल पहिला फेरा झाला.

त्याआधी एक कबुली द्यायची आहे. दिवाळीनंतर नाना म्हणाले, पाय मोकळे करून येतो. हे बरोबर होते. कोपऱ्यावर पोहे-जिलबीची गाडी. ह्यांनी पोहे घेतले आणि फोन आला म्हणून बाजूला गेले, तेवढ्यात नानांनी गरम जिलबीची दोन कडी तोंडात टाकली. वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, चेहरा पांढरा. दुकानाच्या पायरीवर बसवलं. ह्यांना वाटलं हार्ट अटॅक. निघालं ते वेगळंच. डॉक्टर त्याला डंपिंग म्हणतात. जठराचं दार राहिलं नाही, गोड एकदम आतड्यात जाऊन कोसळतं आणि शरीरातलं पाणी तिकडे धावतं. काहींना दोन तासांनी साखर उतरून चक्कर येते, तो ह्याचाच दुसरा प्रकार.

तेव्हापासून आमच्या घरचं वेळापत्रक: दिवसातून सहा-सात वेळा, वाटीभर. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं घोट-घोट. गोड बंद. प्रत्येक खाण्यात अंडं, पनीर, मुगाचं धिरडं, दही असं काही तरी. आईंच्या लहान पोळ्यांचा अर्थ मला आता कळतोय, त्या आधीपासूनच करत होत्या.

निसर्गस्नेही · २९ ऑक्टोबर, सकाळी ८:००

ताई, केमोनं प्लेटलेट पडतात, पपईच्या पानांचा रस सुरू करा. गव्हांकुरही. माझ्या मेहुण्यांना खूप फरक पडला. ही औषध कंपन्यांची लॉबी तुम्हाला सांगणार नाही.

पॅथकाका · २९ ऑक्टोबर, सकाळी ८:२५

लॉबीतून मला आजवर एक पेनसुद्धा मिळालं नाही, ही खंत आहे. रस देणार असाल तर डॉक्टरांना सांगून द्या, लपवून नको. एवढंच.

बडोद्याची_सिस्टर · २९ ऑक्टोबर, दुपारी २:१०

ह्यावरून आठवलं. 'ताकदीच्या' गोळ्या सांभाळून. बहुतेक मल्टिव्हिटॅमिनमध्ये फॉलिक अ‍ॅसिड असतं आणि ते कॅपेसिटाबीनचा त्रास वाढवू शकतं, जुलाब, तोंड येणं. आमच्याकडे एका आजोबांना जुलाब थांबेनात. त्यांच्या पिशवीतून तीन वेगवेगळ्या टॉनिकच्या बाटल्या निघाल्या, प्रत्येक नातेवाइकाची एक. घेतलेली प्रत्येक गोळी आम्हाला दाखवा, अगदी आयुर्वेदिकही.

जुलाबाचा हिशेब लक्षात ठेवा: रोजच्यापेक्षा चार वेळा जास्त झाले की गोळ्या थांबवायच्या आणि फोन करायचा. ताप १००.४ झाला की पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी दवाखान्यात जायचं.

रामबागची_सून · ११ नोव्हेंबर, दुपारी १२:००

एक घोटाळा झाला. हसू नका.

नानांना तीन गोळ्या सकाळी, तीन संध्याकाळी, ५०० च्या. १४ दिवसांच्या झाल्या ८४. पट्टी दहाची, म्हणून आणल्या नऊ पट्ट्या. उरल्या सहा. आज सकाळी आईंनी त्यातल्या तीन नानांना दिल्या. का? तर औषधाचा कोर्स पुरा करायचा असतो, अर्धवट सोडायचा नाही, असं आजवर प्रत्येक डॉक्टरनं सांगितलंय. आणि शिल्लक बरोबर एका दिवसाच्या! त्यांचं गणित चुकलं नाही, आम्ही सांगायला चुकलो.

दवाखान्यात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, झालं ते झालं, आता बंद, जुलाब-तोंडाकडे लक्ष ठेवा. तोंड थोडं आलं, बाकी काही नाही. आता मी कालनिर्णयवर सुट्टीच्या सात दिवसांवर लाल पेननं फुल्या मारल्यात आणि उरलेल्या गोळ्या माझ्या कपाटात.

भिया_इंदुरी · ११ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

सासूबाईंना साष्टांग नमस्कार. आमच्या मातोश्री असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं.

रामबागची_सून · २९ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४५

पेन्शनवाल्यांसाठी कामाची माहिती. नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला. नाना बँकेत गेले, यंत्रावर अंगठा ठेवला, उमटेना. दुसरं बोट, तिसरं बोट, दहाही झाली. बाई म्हणाल्या, "बाबा, हात पुसून घ्या." त्यांनी धोतरानं पुसले. तरी नाही. मागे रांग. नाना घरी येऊन म्हणाले, "वीज मंडळाच्या लेखी मी गेलो."

कॅपेसिटाबीननं हातापायांची त्वचा लाल होते, सोलते, आणि त्यात काहींचे बोटांचे ठसेच पुसट होतात. शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला निघतो ती सोय वापरली, पाच मिनिटांत झालं. आधीच माहीत असतं तर बँकेची खेप वाचली असती. तळहातांना युरियाचं क्रीम दिवसातून दोनदा लावतोय, भांडी आणि गरम पाणी बंद (तसंही भांडी कधी घासली होती म्हणा).

लष्करकर · ३० नोव्हेंबर, सकाळी ७:३०

"वीज मंडळाच्या लेखी मी गेलो" 😄 आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, नानांना सांगा, मी ग्वाल्हेरच्या थंडीत काढली, तुमची इंदूरची थंडी म्हणजे काय थंडी.

ताई, मेडिक्लेमचं बघितलं का? डे-केअर केमोला २४ तास भरती लागत नाही. गोळ्यांचं बिल आमच्या कंपनीनं आधी नाकारलं होतं, 'घरी घेतलेलं औषध' म्हणून. मी विमा नियामकाची २०१९ ची नियमावली जोडून परत पाठवलं. त्यात तोंडानं घ्यायची केमो वगळता येत नाही असं आहे, रकमेची मर्यादा मात्र घालू शकतात. दुसऱ्या खेपेला मंजूर झालं. आणि सत्तरी पुरी असेल तर उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड निघतं, वर्षाला ५ लाख. नाना ६६ चे, तिथे चार वर्षं कमी पडली.

रामबागची_सून · ९ डिसेंबर, रात्री १०:१५

तिसरा फेरा काल व्हायचा होता, प्लेटलेट ७२ हजार आल्या. परत पाठवलं, पुढच्या सोमवारी बघू म्हणाले. मी रडले. वाटलं आता वेळ चुकली, सगळं वाया. (निसर्गस्नेही, पपईची पानं नणंदेनं पाठवलीच होती. नानांनी एक घोट घेतला आणि कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला. कढीपत्ता उत्तम आहे.)

पॅथकाका · १० डिसेंबर, सकाळी १०:००

सूनबाई, आठवडाभरानं काही वाया जात नाही. त्या क्लासिक चाचणीतसुद्धा आठही फेरे साधारण दोन-तृतीयांश लोकांनीच पुरे केले, आणि डोस कमी करणं, फेरा पुढे ढकलणं तर किती जणांचं झालं. तो ७८ चा आकडा अशाच अडखळत गेलेल्या माणसांचा आहे. वजन किती आहे ते सांगा, मला प्लेटलेटपेक्षा त्यात रस आहे.

रामबागची_सून · १० डिसेंबर, सकाळी १०:२०

५२.८! सुरुवातीपेक्षा आठशे ग्रॅम जास्त.

पॅथकाका · १० डिसेंबर, सकाळी १०:२२

मग रडू नका.

रामबागची_सून · १९ फेब्रुवारी, रात्री ११:००

खूप दिवसांनी. सहावा फेरा झाला परवा. सिस्टरनी सांगितलेलं थंडीचं प्रकरण पुरेपूर भोगलं. जानेवारीत एका सकाळी नानांनी नेहमीच्या सवयीनं स्टीलचा पेला उचलला आणि फेकलाच, शॉक बसल्यासारखा. चाळीस वर्षं तारांशी खेळलेला माणूस. पेला अजून चेपलेला आहे. आता काचेचा पेला, त्याला मी जुन्या मोज्याचं अंगरखं शिवलंय.

पण आता थंडी नसतानाही बोटं बधिर असतात. शर्टाची बटणं आई लावतात. ते त्यांनी चालवून घेतलं. मागच्या गुरुवारी पेटी काढली, मी स्वयंपाकघरात होते. भजनाची पहिली ओळ वाजली, दुसरीला अडखळले. पुन्हा पहिलीपासून. पुन्हा तिथेच. मग भाता बंद केल्याचा आवाज आला. म्हणाले, "पट्टी कुठे संपते ते बोटाला कळतच नाही. बघून वाजवावं लागतं. बघून वाजवायला मी काय शिकाऊ आहे?"

डॉक्टरांना सांगितलं. आम्ही सांगितलं, नाना सांगणारच नव्हते, त्यांना वाटत होतं औषध कमी करतील आणि मग नऊ जणांतून आपण बाहेर. डॉक्टरांनी बटण लावून दाखवा म्हटलं, सुई-दोरा हातात दिला, मग म्हणाले ऑक्सालिप्लॅटिन इथे थांबवू, राहिलेले दोन फेरे नुसत्या गोळ्या.

बरोबर केलं ना?

बडोद्याची_सिस्टर · २० फेब्रुवारी, दुपारी १:४५

अगदी बरोबर. बटणं लावता येईनात ही आमच्याकडची खूणच आहे, त्यापुढे ओढलं तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. आणि हे आधीच सांगून ठेवते, नंतर घाबरू नका: ऑक्सालिप्लॅटिन थांबवल्यावरही दोन-तीन महिने बधिरपणा वाढल्यासारखा वाटतो, मग हळूहळू उतरायला लागतो. कुणाचा पूर्ण जातो, कुणाचा थोडा उरतो.

मांडवीवाला · २० फेब्रुवारी, रात्री ८:३०

माझ्या वडिलांचा वर्षभरात बराच गेला, पायाच्या अंगठ्यांत थोडा आहे. ते अनवाणी चालत नाहीत, आंघोळीचं पाणी हातानं नाही, कोपरानं बघतात. हे नानांना नक्की सांगा, भाजलेलं कळत नाही.

रामबागची_सून · १५ एप्रिल, सकाळी ९:१०

काल शेवटची गोळी. मधे रंगपंचमीला नाना गच्चीतूनच रंग बघत बसले होते, राजवाड्यावरच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) जायची ह्या वर्षी मनाई. वजन ५५. पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवायचं, अधूनमधून स्कॅन. पेटी अजून झाकलेली आहे. बोटं सिस्टर म्हणाल्या तशीच, आधीपेक्षा थोडी जास्तच बधिर.

पॅथकाका, एक राहिलं. आम्हा घरातल्यांना काही तपासायचं का?

पॅथकाका · १५ एप्रिल, सकाळी ११:३०

तुमच्या यजमानांनी आणि नणंदबाईंनी एच. पायलोरी तपासून घ्यावा. जठरात राहणारा जिवाणू, कॅन्सरच्या मोठ्या कारणांपैकी एक. श्वासाची किंवा शौचाची तपासणी असते. असला तर दोन आठवड्यांचं औषध. जठराचा कॅन्सर झालेल्यांची सख्खी भावंडं आणि मुलं घेऊन कोरियात चाचणी झाली, २०२० मध्ये आली. ज्यांना जिवाणूचं औषध दिलं त्यांच्यात धोका निम्म्याहून कमी झाला. तुम्ही सून, तुम्हाला ह्या हिशेबात सूट. काकासासऱ्यांना मात्र नाही.

रामबागची_सून · १८ एप्रिल, रात्री ९:५५

काकासासऱ्यांचा पॉझिटिव्ह निघाला. औषध सुरू केलंय. शिल्लक गोळ्या राहिल्या तर काय करायचं, असं मला दोनदा विचारलं.

नवा_प्रवासी · २ मे, रात्री १२:२०

पूर्ण धागा वाचला. माझ्या बाबांच्या केमोचं पहिलं सायकल (फेरा) सोमवारी आहे, इंदूरलाच. एवढंच विचारायचं होतं, बरोबर काय न्यायचं?

रामबागची_सून · २ मे, सकाळी ६:४०

लोकरीचे हातमोजे आणि पायमोजे, मे असला तरी. वॉर्डात एसी असतो आणि परतताना गाडीतलाही बंद ठेवा. थर्मासमध्ये कोमट पाणी. सगळ्या चालू गोळ्या एका पिशवीत. पूर्ण बाह्यांचा शर्ट नको, बाही वर चढवताना त्रास होतो, आणि सुईचा हात दुखला तर सिस्टरकडे गरम शेक मागा, देतात. डबे छोटे छोटे, तीन तरी, दही-भात चालेल पण फ्रीजमधलं दही नको.

बाबांना उजव्या हातानं काम लागत असेल तर डाव्या हातात सुई लावा म्हणून आधीच सांगा. सोमवारी दहाच्या सुमारास आम्हीही तिथेच असू, नानांची तपासणी आहे. धोतर, निळी टोपी, हातात मोजा घातलेला पेला.